कानानें वाचलेलीं अक्षरें

इतिहासाच्या अध्यापकानें संगणकाविषयीं लिहावें हें आमच्या कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें तसेंच वाटतें. ज्या विषयांत आपली गति नाहीं त्यांत लेखणी घालूं नये, हा नियम आम्हीं आजवर बहुतांशीं पाळला आहे. परंतु दोन वर्षांपूर्वीं एक अशी गोष्ट घडली कीं, तिच्यामुळें या विषयाच्या इतिहासांत आम्हांस शिरावें लागलें. आणि शिरल्यावर असें दिसलें कीं, हा इतिहास यंत्रांचा कमी व माणसांचा अधिक आहे, आणि त्यांतील एक मोठें प्रकरण आपल्या पुण्यामुंबईंतच सुरू झालेलें आहे.

रत्नागिरींत आमच्या वर्गांत एक अंध विद्यार्थी होता. मूळचा खाडीकांठच्या एका गांवचा; जन्मापासून दृष्टि नसलेला. आमच्या जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत घराडी येथें अंध मुलांची निवासी शाळा आहे. पण याचे मामा पुण्यास असल्यामुळें त्याचें शालेय शिक्षण तिकडेच झालें होतें. बुद्धि तल्लख; पेशव्यांच्या कारकीर्दीचीं सालें त्यास आमच्यापेक्षां चोख पाठ. परीक्षेसाठीं लेखनिक मिळविण्याची त्याची दरवर्षींची यातायात पाहून आम्हांस वाईट वाटे, तर तोच उलट आमची समजूत घाली. बी. ए. होतां होतां त्यानें मनांत घेतलें कीं, आपण प्रोग्रॅम लिहावयास शिकावें. संगणक त्यास नवा नव्हता. स्क्रीन रीडर नांवाचा एक प्रोग्रॅम असतो. पडद्यावर जें जें असेल तें हुडकून काढून तो कृत्रिम आवाजांत बोलून दाखवितो, आणि वापरणारा माऊसला हात न लावतां सर्व कारभार कळफलकावरून चालवितो. त्याच्या साह्यानें हा मुलगा पत्रें लिही, पुस्तकें वाची, बँकेचा व्यवहार करी. तेव्हां शहरांतील एका खासगी वर्गांत त्यानें नांव घातलें.

आठवड्याभरानें तो आमच्या घरीं आला. म्हणाला, "सर, खिडकी उघडली एवढें कळतें, आंत कांहीं आहे कीं नाहीं तें कळत नाहीं." त्या वर्गांत प्रोग्रॅम लिहिण्यासाठीं जें साधन वापरीत त्याच्यापुढें त्याचा स्क्रीन रीडर मुका होई. वर्गाच्या चालकांचें म्हणणें असें कीं, साधन सर्वांना एकच. एकासाठीं तें बदलतां येणार नाहीं. तेव्हां त्याची विनंती एवढीच होती कीं, सायंकाळीं तासभर आम्हीं त्याच्याजवळ बसून, वर्गांत दिलेले नमुने पडद्यावरून वाचून दाखवावे. तो ते टिपून घेईल.

आयुष्यभर वर्गांत मोठ्यानें वाचण्याचा आमचा धंदा. मोडी कागदही आम्ही फारसे न अडखळतां वाचतों. तेव्हां हें काय मोठें, असा आमचा समज होता. पहिल्या वीस ओळींतच तो उतरला. शब्द आम्हीं स्वच्छ वाचले. परंतु शब्दांच्या मध्यें जें पडलेलें असतें, म्हणजे महिरपी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्हें, ओळीच्या आरंभीं सोडलेली जागा, तें सारें सवयीनें गाळलें. मोठ्यानें वाचतांना विरामचिन्हें कोण उच्चारतो? मुलानें कांहीं चिन्हें अंदाजानें घातलीं व प्रोग्रॅम चालवून पाहिला, तो चालेना. पाऊण तास आम्ही दोघे चूक शोधीत बसलों. शेवटीं त्यानें विचारलें, "सर, सातव्या ओळीच्या शेवटीं कांहीं आहे का?" आम्हीं म्हटलें, "कांहीं नाहीं रे; नुसता एक अर्धविराम आहे." तो हंसून म्हणाला, "तोच तर पाहिजे, सर."

त्या रात्रीं आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. डोळस मनुष्य वाचतो असें आपण म्हणतों तेव्हां तो खरोखर दोन कामें करीत असतो. एक वाचण्याचें व दुसरें पाहण्याचें. आणि दुसऱ्याची त्यास स्वतःलाही खबर नसते. म्हणून दुसऱ्यासाठीं वाचावयास बसला कीं, तो पहिलेंच काम करतो.

हाच घोटाळा अंधांच्या शिक्षणाच्या इतिहासांत पूर्वीं एकदां झालेला आहे. पॅरिस येथें व्हॅलेंतिन आउई यानें १७८५ च्या सुमारास अंध मुलांची शाळा काढली. ती त्या जातीची पहिलीच. आउई हा थोर मनाचा गृहस्थ होता यांत शंका नाहीं. त्यानें मुलांस वाचावयास पुस्तकें करून दिलीं तीं अशीं कीं, नेहमींचीं रोमन अक्षरेंच जाड कागदावर उठावानें छापावयाचीं व मुलांनीं त्यांच्या कडा बोटांनीं चाचपावयाच्या. डोळ्यांसाठीं घडलेल्या आकृति बोटांच्या स्वाधीन केल्या. वाचन होई, पण गोगलगाईच्या चालीनें. आणि लेखन तर होतच नसे, कारण तीं अक्षरें मुलांना स्वतःला काढतां येत नसत. या शाळेंत लुई ब्रेल हा खोगीर करणाऱ्या कारागिराचा मुलगा आला. १८०९ सालचा त्याचा जन्म. तीन वर्षांचा असतां बापाच्या कारखान्यांतील आरी डोळ्यांत जाऊन त्याची दृष्टि गेली. शार्ल बार्बिए नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें अंधारांत वाचतां येईल अशी बारा टिंबांची एक लिपि काढली होती. ती बोटाच्या एका स्पर्शांत मावत नाहीं हें ओळखून ब्रेलनें सहा टिंबांची स्वतःची लिपि १८२४ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, सिद्ध केली व १८२९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली. सहा टिंबांच्या त्रेसष्ट मांडण्या होतात, आणि प्रत्येक मांडणी बोटाच्या टोकाखालीं एकदम समजते. तिचा रोमन अक्षरांच्या आकाराशीं कांहीं एक संबंध नाहीं. शाळेच्या पुढच्या चालकांस नेमकें हेंच खुपलें; जी लिपि डोळस शिक्षकांस वाचतां येत नाहीं ती कसली लिपि, असें म्हणून १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत ती बंद पाडण्याचा यत्न झाला. मुलें ती चोरून लिहीत राहिलीं. शाळेनें तिचा रीतसर स्वीकार केला तो १८५४ सालीं. ब्रेल त्याच्या दोनच वर्षें आधीं वारला होता.

आउईची लिपि आणि ब्रेलची लिपि यांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां यावयाचा आहे.

आपल्याकडे अमृतसरास १८८७ सालीं पहिली अंधशाळा निघाली. मुंबईस १९०० सालीं अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड बाईंनीं एक काढली, आणि १९०२ सालीं ताडदेवास व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. पुण्यास अंधशाळा झाली ती १९३४ सालीं. हिंदी भाषांसाठीं टिंबांच्या पद्धति इतक्या निघाल्या कीं, एका प्रांतांत छापलेलें पुस्तक दुसऱ्या प्रांतांत निरुपयोगी होई; हा गोंधळ १९५१ सालीं भारती ब्रेल ठरल्यावर मिटला. पण शिकून करावयाचें काय? खुर्च्यांचें वेत विणणें, गाणें, आणि पुढें कचेरींतील टेलिफोनपाशीं बसणें. टेलिफोनचें काम गेलें तें यंत्रानें नेलें. वेताच्या खुर्च्या प्लॅस्टिकनें नेल्या. गुलाबराव महाराजांसारखा पुरुष, बालपणींच दृष्टि गेलेली असतां, अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यांत शंभरांहून अधिक ग्रंथ रचून गेला. परंतु तेथेंही वाचून दाखविणारा व लिहून घेणारा सदैव जवळ लागे. लोकोत्तर प्रज्ञेसही दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागले, मग सामान्य विद्यार्थ्याची कथा काय?

संगणक आला तेव्हां प्रथम असें वाटलें कीं, हा धंदा जणूं अंधांसाठींच निर्माण झाला आहे. प्रोग्रॅम म्हणजे अक्षरांची मालिका. तीत चित्र नाहीं, रंग नाहीं. आरंभीं तर ती जाड कार्डांवर भोकें पाडून लिहीत, आणि भोकें बोटांनीं चाचपतां येतात. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत सिनसिनाटी येथें अंधांना प्रोग्रॅमिंग शिकविण्याचे वर्ग निघाले व थिओडोर स्टर्लिंग यांच्या खटपटीनें संगणकशास्त्राच्या संस्थेंत या कामासाठीं स्वतंत्र समिति झाली. उत्तरें वाचावयाचीं कशीं? छापणाऱ्या यंत्राच्या हातोड्यांपुढें रबरी पट्टी लावावयाची व पूर्णविरामाचें टिंब जोरानें उमटवावयाचें. कागदाच्या पाठीवर फुगवटा येतो, आणि तोच ब्रेलचा बिंदु! अशा युक्त्या गरजूंनाच सुचतात. १९७१ सालीं ऑप्टाकॉन नांवाचें यंत्र निघालें; छापील अक्षरावर बारीक कॅमेरा फिरविला कीं, दुसऱ्या हाताच्या बोटाखालीं थरथरणाऱ्या सुयांतून त्या अक्षराची आकृति उमटे. पुढें बोलणारीं यंत्रें आलीं. आय्. बी. एम्. मध्यें जिम थॅचर यांनीं केलेला स्क्रीन रीडर १९८६ सालचा. थॅचर यांचे गुरु जेसी राइट हे गणितज्ञ स्वतः अंध होते, हा योगायोग नव्हे. मोटारसायकलच्या शर्यती मारणारे टेड हेंटर १९७८ सालच्या अपघातांत अंध झाले, प्रोग्रॅमिंग शिकले, आणि १९८९ सालीं 'जॉज' नांवाचा स्क्रीन रीडर घेऊन बाजारांत उतरले.

हें सर्व सोपें होतें, कारण तेव्हांचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. दोन हजार घरांचा तो एक पट. कोणत्या घरांत कोणतें अक्षर आहे हें यंत्राच्या स्मृतींत अक्षररूपानेंच लिहिलेलें असे. तें उचलावयाचें व बोलावयाचें, झालें काम.

नंतर खिडक्यांचा जमाना आला. पडद्यावर चित्रें, कळ्या, सरकत्या पट्ट्या दिसूं लागल्या व बोटाऐवजीं माऊसचा बाण हिंडूं लागला. डोळस लोकांस तो मोठा सोहळा वाटला. शिकल्यावांचून संगणक वापरतां येऊं लागला म्हणून सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु यंत्राच्या स्मृतींत आतां अक्षरें नव्हतीं. रंगीत ठिपके होते. 'क' हें अक्षर आणि एखाद्या फुलाची पाकळी यांत यंत्राच्या दृष्टीनें फरक उरला नाहीं. वीस वर्षें ज्या कामांत अंध मनुष्य डोळसांच्या बरोबरीनें बसला होता तेथून तो एकाएकीं उठविला जाऊं लागला. कोणी त्यास उठ म्हटलें नाहीं, फक्त खोलींतील भाषा बदलली. मोडी मागें पडल्यावर ती वाचणाऱ्या कारकुनांचें जें झालें तेंच, पण त्यांस निदान बाळबोध शिकण्याची सोय होती. स्क्रीन रीडर करणाऱ्यांनीं ठिपक्यांच्या मागून अक्षरें हुडकण्याच्या नाना युक्त्या काढल्या. खिडक्यांवर चालणारा 'जॉज' १९९५ सालीं आला. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें असा एक मार्ग ठेवला कीं, प्रत्येक प्रोग्रॅमनें आपल्या कळीचें नांव व तिचें काम स्क्रीन रीडरला सांगावें. मार्ग झाला, पण त्या मार्गानें जावयाचें कीं नाहीं हें प्रत्येक प्रोग्रॅम करणाऱ्याच्या मर्जीवर राहिलें, आणि अद्यापही बव्हंशीं तें तसेंच आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या वर्गांतील साधनाच्या कर्त्यांनीं तें सांगितलें नव्हतें, एवढाच त्या मुकेपणाचा अर्थ.

आतां पुण्याची गोष्ट. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा, १९६५ सालचा. काचबिंदूमुळें त्यांची दृष्टि लहानपणापासून अधूच होती. चौदाव्या वर्षीं ती पूर्ण गेली. भाऊ पुस्तकें व गणितें वाचून दाखवी. वाडिया कॉलेजांतून गणित घेऊन ते पदवीधर झाले व मुंबईस पवईच्या आय्. आय्. टी. मध्यें गणित व संगणकशास्त्र शिकूं लागले. तेथें समाजसेवेच्या योजनेंतील विद्यार्थी त्यांना पुस्तकें वाचून दाखवीत. पहिला संगणक त्यांनीं वापरला तो असा कीं, पडद्यावर काय आलें तें शेजारच्यानें सांगावें व यांनीं पुढची आज्ञा द्यावी. हें वाचलें तेव्हां आमच्या घरांतील ती सायंकाळ आम्हांस आठवल्यावांचून राहिली नाहीं. त्या पवईच्या विद्यार्थ्यांनीं आमच्यासारखे अर्धविराम गाळले नसतील अशी आशा आहे!

पुढें ते अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले. डेव्हिड ग्रीस यांच्या हाताखालीं त्यांनीं १९९४ सालीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता गणित कानानें कसें वाचावें. तो प्रश्न दिसतो त्याहून बिकट आहे. कागदावरचें समीकरण डोळा एकदम पाहतो. कोणता अंक कोणाच्या डोक्यावर बसला आहे, भागाकाराची रेघ कोठवर गेली आहे, हें त्यास सांगावें लागत नाहीं. कान मात्र एका वेळीं एकच शब्द घेतो. रामन यांनीं केलेला प्रोग्रॅम समीकरण नुसतें उच्चारीत नसे. घातांक आला कीं आवाजाची पट्टी चढे, पोटांतली राशि वेगळ्या आवाजांत येई, आणि ऐकणाऱ्यास हवें तर मोठ्या समीकरणाचा नुसता सांगाडा आधीं सांगून मग एकेक अवयव उलगडून दाखवितां येई. या प्रोग्रॅमास त्यांनीं आपल्या वाटाड्या कुत्र्याचें, ॲस्टरचें, नांव दिलें. त्या वर्षीं संगणकशास्त्रांतील उत्कृष्ट प्रबंधाचें पारितोषिक त्यास मिळालें.

घातांकासाठीं चढणारा स्वर वाचतांना आमचे आजोबा आम्हांस आठवले. ते घनपाठी होते. पहांटे ओटीवर त्यांचा पाठ चाले, आणि अर्थ न कळणाऱ्या आम्हां मुलांनाही एवढें कळे कीं, हें वाचन नव्हे, ही कांहीं तरी मोजणी आहे. पदपाठांत प्रत्येक पद सुटें करून म्हणावयाचें. क्रमांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्या लावावयाच्या. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. आणि घनांत तीं पदें मागेंपुढें अशीं फिरवावयाचीं कीं, मधलें एक अक्षर जरी ढळलें तरी पुढच्या फेऱ्यांत तें अडकून उघडकीस यावें. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांचे भेद तर केवळ आवाजाच्या पट्टीवर. कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या एका परंपरेनें फक्त कानाच्या आधारें मजकूर जसाच्या तसा राखण्याची व चूक पकडण्याची ही व्यवस्था होती. आमच्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हेत. असल्या बढाईचा आम्हांस तिटकारा आहे, आणि जी विद्या निम्म्याहून अधिक समाजास ऐकूंही दिली नाहीं तिच्याविषयीं फार मोठ्यानें बोलणें शोभत नाहीं हेंही आम्ही जाणतों. आम्हांस म्हणावयाचें तें एवढेंच कीं, कान हें डोळ्याचें बदली इंद्रिय नव्हे; त्याची स्वतःची रीत आहे, आणि त्या रीतीनें मांडलें तर तो फार बारकाईचें काम करतो.

रामन यांच्या पुढच्या कामाचें मर्म हेंच आहे. इमॅक्स नांवाचें प्रोग्रॅम लिहिण्याचें एक जुनें साधन आहे. त्याचा उगम १९७६ सालचा, व रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८५ सालीं त्याची जी आवृत्ति काढली तिची सर्व अंतर्रचना कोणासही वाचावयास व बदलावयास मोकळी आहे. रामन यांनीं एप्रिल १९९५ मध्यें 'इमॅकस्पीक' प्रसिद्ध केलें. नेहमींचा स्क्रीन रीडर पडद्यावर काढलेलें चित्र बाहेरून पाहतो व त्याचें वर्णन करतो. इमॅकस्पीक पडद्याकडे पाहतच नाहीं. इमॅक्स आंत जें काम करतें त्या प्रत्येक कामालाच तें आपला आवाज जोडतें. रामन यांनींच दिलेलें पंचांगाचें उदाहरण यास फार समर्पक आहे. पडद्यावर महिन्याचा तक्ता आहे व खूण एका चौकटीवर आली आहे. स्क्रीन रीडर म्हणेल, "सतरा". डोळस मनुष्य वर महिन्याचें नांव व माथ्यावर वार पाहून घेईल. ऐकणाऱ्याला नुसता सतरा. इमॅकस्पीक त्या ठिकाणीं वार, महिना, तारीख, साल असें पूर्ण बोलतें, कारण त्यास चौकट ठाऊक नाहीं, दिवस ठाऊक आहे. तसेंच प्रोग्रॅममधील टिपा एका आवाजांत, भाषेचे ठराविक शब्द दुसऱ्या आवाजांत, अवतरणांतला मजकूर तिसऱ्यांत. फाईल उघडली कीं एक लहानसा ध्वनि, मिटली कीं निराळा. डोळसांना जें रंगांनीं दाखवितात तें येथें स्वरांनीं. आउईच्या उठावाच्या अक्षरांवरून ब्रेलच्या टिंबांवर येणें तें हेंच. १९९९ सालीं अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयानें इमॅकस्पीक आपल्या संग्रहांत घेतलें. रामन यांनीं पुढें ॲडोबी, आय्. बी. एम्. व गूगल येथें कामें केलीं.

तथापि या यशास एक मर्यादा आहे व ती सांगितली पाहिजे. इमॅक्स हें साधन शिकावयास कठीण. आणि दुसरें म्हणजे, वर्ग किंवा कंपनी आपल्या पसंतीचें साधन सर्वांस लावते. अंध मनुष्यानें आपल्या बेटावर कितीही सुखानें नांदावें, पण व्यापार मुख्य भूमीवर चालतो. म्हणून बाहेरून पाहणारा स्क्रीन रीडरही सुधारावा लागला. येथें ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स टेह या दोन अंध तरुणांचें नांव घेणें अवश्य आहे. 'जॉज'ची किंमत तेव्हां हजार डॉलरांच्या घरांत होती. ती आपल्याकडील विद्यार्थ्यानें कोठून आणावी? करन यांनीं २००६ सालीं 'एन्. व्ही. डी. ए.' नांवाचा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला व तो सर्वांस फुकट व मोकळा दिला. तो पायथन भाषेंत लिहिलेला आहे. या भाषेंत ओळीच्या आरंभींची रिकामी जागाच अर्थ ठरविते, म्हणजे जें दिसतही नाहीं तें ऐकावें लागतें, एन्. व्ही. डी. ए. ती जागा हवी तर शब्दांनीं सांगतो, हवी तर सुरांनीं वाजवितो: जों जों ओळ आंत सरकते तों तों सूर चढतो. इंग्रजी मोठें अक्षर आलें कीं तेथेंही आवाज उंचावतो. आमच्या विद्यार्थ्यानें हें ऐकविलें तेव्हां तो उदात्त स्वर ऐकून आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों.

या प्रोग्रॅमाविषयींची मुख्य गोष्ट निराळीच आहे. तो अंधांनीं स्वतःसाठीं केला, आणि तो करतां आला याचें कारण प्रोग्रॅम लिहिण्याचीं साधनें त्यांना वापरतां येत होतीं. तीं साधनें मुकीं झालीं तर अंध मनुष्य केवळ एका नोकरीस मुकत नाहीं. आपलीं अवजारें आपण घडविण्याचा त्याचा हात जातो, आणि तो पुन्हां आउईसारख्या दयाळू डोळसांच्या कल्पनेवर अवलंबून राहतो. लोहाराला कोणीं सांगावें कीं, तुला विळा विकत मिळेल, पण भट्टीपाशीं येऊं नकोस, तशांतला हा प्रकार होय.

बेंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत या प्रश्नाचा नेटका अभ्यास झाला व २०१८ सालीं 'कोडटॉक' या नांवानें तो प्रसिद्ध झाला. त्या मंडळींतील वेंकटेश पोटलुरी हे स्वतः अंध आहेत. अडचणींच्या मुळाशीं त्यांना चार गोष्टी दिसल्या: साधनांत काय काय आहे याचा पत्ता लागणें, एका दृष्टिक्षेपांत आवांका येणें, हवें तेथें चटकन जातां येणें, आणि कांहीं बिघडलें तर वेळेवर इशारा मिळणें. पहिली, तिसरी व चौथी या गोष्टी मेहनतीनें साधतात असें आम्हांस वाटतें; दुसरी मात्र खरी अवघड. डोळस प्रोग्रॅमर हजार ओळींवरून नजर फिरवितो व त्यास आकार दिसतो. ऐकणारा आकार मनांत बांधतो, आणि तो बांधण्यास जी स्मरणशक्ति लागते तिचें मोल कोणत्याही पगारपत्रकांत धरलेलें नसतें. अलीकडे २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचें 'व्हीएस कोड' हें साधन फुकट मिळतें. त्यांत स्क्रीन रीडरची सोय बरीच असून, चुकीच्या ओळीवर आलें कीं ध्वनि होतो, ही रामन यांची जुनी कल्पना तेथें मुख्य भूमीवर आलेली दिसते.

कायद्याविषयीं थोडक्यांत सांगतों. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला; २०२१ सालीं संगणकादि साधनांसाठीं भारतीय मानकाचा पहिला भाग निघाला; आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें राजीव रतूडी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, असे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीं, बंधनकारक पाहिजेत, असें सांगितलें. निकाल उत्तम आहे. परंतु लोकांचें लक्ष राहतें तें बँक, रेल्वे, सरकारी अर्ज यांकडे. कारागिराच्या कारखान्यांतील अवजारांकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें तो वर्ग सोडला. फी परत मिळाली नाहीं. एन्. व्ही. डी. ए. व एक फुकट मिळणारें साधन घेऊन तो घरींच शिकला. पहिलें वर्ष फार कष्टाचें गेलें. मध्यंतरीं एका नोकरीच्या चाचणींत, पडद्यावरचे तुकडे माऊसनें ओढून जुळवा, असा पहिलाच प्रश्न आला व परीक्षा पांच मिनिटांत संपली. त्या दिवशीं तो आमच्याकडे आला नाहीं. चार दिवसांनीं आला तेव्हां त्याविषयीं बोलला नाहीं. यंदा त्यानें आमच्या संग्रहांतील मोडी कागदांची सूचि तारीखवार लावणारा एक प्रोग्रॅम करून दिला. तीस वर्षें आम्हीं ज्या चिठ्ठ्या डब्यांत भरीत आलों त्यांत दोन कागदांचीं सालें चुकलीं आहेत हें त्याच्या प्रोग्रॅमनें दाखविलें, आणि तीं खरोखर चुकलीं होतीं.

गेल्या महिन्यांत त्याच्या साधनाची नवी आवृत्ति आली व सूचनांची यादी वाचणें बंद पडलें. त्यानें कर्त्यांस पत्र लिहिलें आहे. उत्तर यावयाचें आहे. तोंवर जुनी आवृत्ति चालवितो. रविवारीं तो ओटीवर बसून काम करीत होता. आवाजाची गति त्यानें इतकी वाढविलेली असते कीं, आम्हांस नुसती गुणगुण ऐकूं येते. आम्हीं म्हटलें, "जरा हळू लाव पाहूं." त्यानें दोनचार कळा दाबल्या. आवाज मंद झाला, आणि ओळीच्या शेवटीं तो "सेमी" असें म्हणाला तें आम्हांसही स्वच्छ ऐकूं आलें.